व्हायलमधलं मेलिटिन हुतात्मा एक्स्प्रेसमध्ये कुठे जातं?

मधपोळं_सोलापूर · शुक्रवार, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. मी सोलापुरात पीएचडी करते. विषय मधमाशीच्या विषातले पेप्टाइड. सांगोल्याकडे डाळिंबाच्या बागांत परागीभवनासाठी पेट्या ठेवतात, तिथून विष गोळा करतो. कोरड्या विषात साधारण निम्मं वजन एकट्या मेलिटिनचं असतं, त्यामुळे आधी ते मोजायचं ठरलं.

माझ्या कामाला लागणारं इलेक्ट्रोस्प्रे मशीन (द्रवाचा भारित फवारा करून रेणू वस्तुमानावरून ओळखणारं) पुण्यात पैसे भरून वापरावं लागतं. म्हणून रात्री इथे डायल्यूशन करते (द्रावण टप्प्याटप्प्याने पातळ करते), व्हायल म्हणजे नमुन्याच्या छोट्या बाटल्या थर्मोकोलच्या डब्यात बर्फाच्या पिशव्यांमध्ये ठेवते आणि सकाळची हुतात्मा धरते. तिथे नंबर लागेपर्यंत संध्याकाळ होते.

अडचण अशी. मेलिटिनचे ७ स्टँडर्ड (माहीत प्रमाणाची द्रावणं) आहेत, दर मिलिलिटरला ५ नॅनोग्रॅमपासून ५००० पर्यंत. प्रमाण आणि सिग्नलच्या आलेखात वरचे चार रेषेवर बसतात. खालचे तीन रेषेच्या खाली कोसळतात, आणि ५ नॅनोग्रॅमच्या जागी पीकच (आलेखातला उंचवटा) येत नाही. ५००० चं इंजेक्शन झाल्यावर नुसतं पाणी ब्लँक म्हणून दिलं तर त्यात मात्र मेलिटिन दिसतं. म्हणजे जिथे असायला हवं तिथे नाही आणि जिथे नको तिथे आहे.

मशीनवाल्यांनी सोर्स (फवारा सुटतो तो भाग) साफ केला, फरक पडला नाही. गाईडचं म्हणणं, पिपेटिंग चुकतंय. मी तीन वेळा नव्याने केलं. तिन्ही वेळा तोच आकार. हात चुकला असता तर चूक दर वेळी वेगळी आली असती ना? तीन फेऱ्यांचे पैसे गेलेत, आता अंदाजाने चौथी फेरी नको वाटते. कुणी असं पाहिलंय का?

---

चिंचोळी_तिसरी_पाळी · शुक्रवार, रात्री ११:५८

तीन गोष्टी सांगा. व्हायल काचेची की प्लास्टिकची? आत इन्सर्ट (बारकी आतली नळी) वापरता का? आणि डायल्यूशन कशात, साध्या पाण्यात की अॅसिड घालून?

---

मधपोळं_सोलापूर · शनिवार, रात्री १२:०५

डायल्यूशन पॉलिप्रॉपिलिनच्या दीड मिलीच्या नळ्यांत, एकातून दुसऱ्यात असं क्रमाने. शेवटी काचेच्या व्हायलमध्ये काचेचा इन्सर्ट, त्यात २०० मायक्रोलिटर. द्रव म्हणजे साधं शुद्ध पाणी. फॉर्मिक अॅसिड फक्त मोबाइल फेजमध्ये, म्हणजे रेणू वेगळे करणाऱ्या कॉलममधून वाहणाऱ्या द्रवात आहे.

---

जुनाप्रयोगवाला · शनिवार, सकाळी ६:२०

पोरी, तुझा हात चुकत नाहीये. दर वेळी एकच आकार येतोय ही तू पकडलेली खूण अगदी बरोबर आहे. तुझं मेलिटिन भिंतीला चिकटतंय. मी बरीच वर्षं याच यंत्रावर काढली आणि त्यातली कितीतरी असल्याच हरवलेल्या पीकच्या मागे गेली, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी रेणू बघ. मेलिटिन २६ अमिनो आम्लांचं. पहिली वीस बहुतेक पाण्याला नाखूश, एक लायसिन सोडलं तर. शेवटच्या सहांत लायसिन, आर्जिनिन, लायसिन, आर्जिनिन अशी रांग. टोकाचा अमिनो गट धरला तर साध्या पाण्यात त्याच्यावर सहा धन प्रभार असतात. म्हणजे एका अंगाला तेलकट, दुसऱ्या अंगाला धनभारित. मधमाशीच्या दृष्टीने हे उत्तम, कारण असा रेणू पेशीच्या पटलात घुसून ते फोडतो. तुझ्या दृष्टीने मात्र तो दोन्ही प्रकारच्या भिंतींना चिकटायला तयार आहे.

काच घे. तिच्या पृष्ठभागावर सिलॅनॉल गट असतात. पीएच ३ च्या पुढे गेला की त्यांतले हायड्रोजन सुटू लागतात आणि काच ऋणभारित होते. तुझ्या साध्या पाण्यात ती चांगलीच ऋण आहे, म्हणजे सहा धन प्रभारांच्या रेणूला ती आयन-विनिमयाच्या रेझिनसारखी वागणार. प्लास्टिक घेतलं तर पॉलिप्रॉपिलिनवर प्रभार नाही, पण ते तेलकट, म्हणून रेणूची दुसरी बाजू तिथे टेकते. तू आधी प्लास्टिकच्या नळ्यांतून उतरत गेलीस, मग काचेत ओतलंस. दोन्ही भिंतींनी आपापला वाटा घेतला.

आता हिशोब. प्रथिनाचा किंवा अशा पेप्टाइडचा एक दाट थर भिंतीवर बसला तर दर चौरस सेंटीमीटरला साधारण ०.१ ते ०.२ मायक्रोग्रॅम मावतो. २०० मायक्रोलिटर द्रव नळीच्या तळाशी दीड-दोन चौरस सेंटीमीटर भिंतीला टेकतो. म्हणजे भिंतीवर दोनशे-तीनशे नॅनोग्रॅमची जागा आहे. तुझ्या ५ नॅनोग्रॅमच्या स्टँडर्डच्या २०० मायक्रोलिटरमध्ये मेलिटिन आहे किती? १ नॅनोग्रॅम. दोनशे माणसं बसतील अशा मांडवात एकच पाहुणा आलाय, त्याला बसायला जागा मिळणारच. उलट ५००० वाल्यात १००० नॅनोग्रॅम आहे. भिंत पूर्ण भरली तरी पाऊण भाग द्रवातच राहतो, आणि प्रत्यक्षात ती इतकी गच्च भरतही नाही. म्हणून वरचे बिंदू रेषेवर दिसतात आणि खालचे कोसळतात. कॅलिब्रेशनची रेष खालच्या टोकाला अशी वाकली की मी यंत्राकडे बघायच्या आधी नळीकडे बघतो.

ब्लँकमधल्या पीकचंही तेच. ५००० चं इंजेक्शन जाताना सुई, लूप, नळ्या, कॉलमचं तोंड या सगळ्यांवर थोडं थोडं बसलं. मागून आलेल्या द्रवाने ते हळूहळू सोडलं.

आणि वेळ विसरू नकोस. अधिशोषण, म्हणजे हे भिंतीला चिकटणं, सगळं एका क्षणात होत नाही. टेबलावर पाच मिनिटांत जे झालं नसतं त्याला तू रात्रभर, मग चार तासांचा प्रवास आणि वर संध्याकाळपर्यंतची वाट इतका अवधी देतेस. गाडीच्या हादऱ्यांनी द्रव झाकणापर्यंत उडतो, तोही नवा पृष्ठभाग.

---

रंगहौद · शनिवार, सकाळी ९:१५

काका, हे वाचून मला आमचा डाय हाऊस आठवला. आम्ही तीन पिढ्या चादरीचं सूत रंगवतोय. मला तुमचं मशीन माहीत नाही, पण रंग सुतावर चढायचा म्हणजे हेच की ओ.

सूत पाण्यात गेलं की त्याच्यावर थोडा ऋण प्रभार येतो. आमचे रिअॅक्टिव्ह रंगही ऋण. दोघं एकमेकांना ढकलतात, म्हणून हौदात मीठ घालावं लागतं. मिठाने मधला विरोध झाकला जातो आणि रंग सुताकडे सरकतो. दुसरं म्हणजे मालाला पाणी किती, हे प्रमाण. तेवढ्याच सुताला पाणी कमी ठेवलं तर रंग पाण्यात कमी राहतो, सुतावर जास्त जातो, हौद लवकर फिका पडतो. ताईंच्या नळीत भिंत म्हणजे सूत आणि पाणी एवढंसं. हौद फिका पडला, बाकी काही नाही.

आम्हाला रंग चढायला हवा असतो, ताईंना तो चढायला नको. मग मिठाचं उलट करून भागेल का?

---

जुनाप्रयोगवाला · शनिवार, सकाळी १०:०२

फार नेमकं लिहिलंत. प्रमाणाची गोष्ट तर मी हिशोबात सांगितली त्याहून सोपी झाली.

मिठाबद्दल: तुमच्याकडे रंग आणि सूत दोघं ऋण, म्हणून मीठ त्यांना जवळ आणतं. हिच्याकडे पेप्टाइड धन आणि काच ऋण. इथे मिठाचे धन आयन काचेवरच्या जागा अडवतात आणि पेप्टाइड सुटतं. म्हणजे तेच मीठ इथे उलट काम करतं. पण साधं मीठ इलेक्ट्रोस्प्रेला चालत नाही, कारण ते उडून जात नाही, सोर्समध्ये साठतं आणि सिग्नल सोडियमच्या जोडांमध्ये विभागला जातो. यंत्र वस्तुमान भागिले प्रभार दाखवतं, त्यात मेलिटिनचं ४ प्रभारांचं पीक ७१२ च्या आसपास येतं. त्याच्या पुढे साडेपाच-साडेपाच अंतरावर पिल्लं दिसू लागली की सोडियम आलं समजावं. चार प्रभार असल्यामुळे २२ चं अंतर चौपट आखडतं. काचेतूनही सोडियम सुटतं. म्हणून क्षार हवाच असेल तर अमोनियम फॉर्मेट किंवा अमोनियम अॅसिटेट, जे उडून जातं. मात्र क्षाराने तेलकट भिंतीची पकड सुटत नाही, त्याला सेंद्रिय द्रावकच लागतं.

---

सातरस्ता_केम · शनिवार, दुपारी १:३०

मला सगळं भिंतीवर ढकलणं पटत नाही. हे आयन सप्रेशन (इतर रेणूंमुळे सिग्नल दबणं) कशावरून नाही?

इलेक्ट्रोस्प्रेमध्ये सुईच्या टोकाला द्रवाचा शंकू होतो, त्यातून भारित थेंब सुटतात, थेंब आटतात आणि प्रभार मावेनासा झाला की फुटतात. ती मर्यादा रॅलेने १८८२ सालीच मांडली होती. जॉन फेन यांना २००२ चं नोबेल मिळालं ते याच फवाऱ्यातून प्रथिनांसारखे मोठे रेणू अखंड उडवून दाखवल्याबद्दल. जादा प्रभार थेंबाच्या पृष्ठभागावर असतो, त्यामुळे जो रेणू पृष्ठभागावर जागा मिळवतो तोच यंत्रात नीट दिसतो. एन्के यांनी १९९० च्या दशकात मांडलेलं प्रारूप हेच सांगतं. मग विषाच्या नमुन्यात बाकीचे पेप्टाइड, लवण, साखर सगळे जागेसाठी भांडत असतील तर मेलिटिनचा सिग्नल तिथेच पडणार.

---

जुनाप्रयोगवाला · शनिवार, दुपारी ३:१०

शंका रास्त आहे, आणि दोन्ही ठिकाणी प्रश्न पृष्ठभागाचाच आहे. एक पृष्ठभाग नळीचा, दुसरा थेंबाचा. पण हिच्या तक्रारीत दोन गोष्टी सप्रेशनशी जुळत नाहीत.

पहिली, ही तक्रार स्टँडर्डची आहे. साध्या पाण्यात फक्त मेलिटिन. भांडायला दुसरं कुणी नाही. दुसरी, मेलिटिन स्वतःच पृष्ठभागावर धावणारं आहे. थेंबाच्या कातडीवर ते इतरांना मागे सारेल. तेव्हा खऱ्या विषाच्या नमुन्यात मेलिटिन दबण्यापेक्षा मेलिटिनमुळे अपामिनसारखी विषातली बारकी मंडळी दबायची भीती मला जास्त वाटते. एकूण संहती १० मायक्रोमोलरच्या आसपास गेली की थेंबाचा पृष्ठभाग भरू लागतो आणि सिग्नल सपाट होतो. पण ते रेषेच्या वरच्या टोकाला होतं. हिचा बिघाड खालच्या टोकाला आहे.

तरी बोलून मिटवायला नको, करून बघता येतं. सप्रेशनसाठी कॉलमच्या पुढे एक टी-जोड लावून मेलिटिन सतत सोडत राहायचं आणि ब्लँक नमुना इंजेक्ट करायचा. जिथे सपाट रेषेत खड्डा पडेल तिथे सप्रेशन. भिंतीसाठी त्याहून सोपं. एकच द्रावण पाच नव्या नळ्यांतून एकामागून एक फिरवायचं, प्रत्येकीत दहा मिनिटं, आणि दर टप्प्याला थोडं काढून ठेवायचं. यंत्राचा दोष असेल तर पाचही सारखे येतील. मग रिकाम्या झालेल्या नळ्यांत अर्धं अॅसिटोनायट्राइल, अर्धं पाणी आणि १ टक्का फॉर्मिक अॅसिड घालून हलवायचं आणि तेही इंजेक्ट करायचं. हरवलेलं मेलिटिन त्यात सापडलं तर वादच मिटला.

---

सातरस्ता_केम · शनिवार, दुपारी ३:४५

स्टँडर्डचा मुद्दा मान्य, माझ्या नजरेतून सुटला होता.

एक भर घालतो. नॅनोस्प्रे (अगदी बारीक सुईचा फवारा) वापरणाऱ्यांनी सुईच्या टोकाकडेही लक्ष द्यावं. बर्कलीच्या विल्यम्स यांच्या गटाने २०१६ मध्ये दाखवलं की काचेच्या सुईचं टोक १ मायक्रॉनपेक्षा बारीक असेल तर धनभारित प्रथिनं ऋण काचेला टेकून उलगडतात, आणि स्पेक्ट्रममध्ये जास्त प्रभारांची पीक दिसू लागतात. तिथे रेणू हरवत नाही, त्याचा आकारच बदलतो. घडी मोडलेलं प्रथिन पाहून कुणी ते द्रावणातच तसं होतं असं लिहून बसेल.

---

डाळिंबबाग · शनिवार, रात्री ८:२०

माझं दुखणं वेगळं आहे, पण याच घरातलं वाटतं. मी डाळिंबाच्या सालीतलं प्युनिकॅलाजिन मोजतो. ऋण मोडमध्ये १०८३ ला आणि दोन प्रभारांचं ५४१ ला यायला हवं. पीक येतं पण शेपूट लांबच लांब. नवा कॉलम लावला की पहिल्या पाच-सहा इंजेक्शनला पीकचा एरिया वाढत जातो, मग स्थिर होतो. भिंत काच असो की प्लास्टिक, फरक नाही.

---

चिंचोळी_तिसरी_पाळी · शनिवार, रात्री ९:०५

तुमचा संशयित स्टील असावा. प्युनिकॅलाजिन टॅनिन आहे, शेजारी-शेजारी हायड्रॉक्सिल गट भरपूर, लोखंडाला पकडतात. डाळिंबाचं साल लोखंडी विळीवर चिरलं की काळं पडतं, तेच रसायन. फॉस्फेट असलेले रेणूही असेच अडकतात, फॉस्फोपेप्टाइड, न्यूक्लिओटाइड. स्टीलच्या नळ्या आणि कॉलमच्या फ्रिटमध्ये (टोकाच्या गाळणीत) लोखंड उघडं असतं. पहिली पाच-सहा इंजेक्शन तुमच्या नमुन्याने त्या जागा भरण्यात जातात, म्हणून एरिया चढत जातो.

आमच्या लाइनमध्ये असल्या कामाला सिस्टीम रात्रभर पातळ फॉस्फोरिक अॅसिडने धुतात, मग भरपूर पाणी. कुणी मोबाइल फेजमध्ये किंचित सायट्रिक अॅसिड किंवा ईडीटीए घालतं, दोन्ही धातू पकडून ठेवतात. जमलं तर पीकचं अस्तर असलेला कॉलम घ्या. इथे पीक म्हणजे ते प्लास्टिक हं, आलेखातलं पीक नव्हे. पण तेही तेलकट रेणूंना धरतं. सगळ्यांना चालेल अशी भिंत मला अजून मिळालेली नाही, रेणू बघून भिंत निवडावी लागते.

---

मधपोळं_सोलापूर · शनिवार, रात्री १०:३०

काका, रंगहौद दादा, सगळ्यांचेच आभार. आज पहिल्यांदा वाटलं की मी वेडी नाही.

एक विचारते. भिंत आधीच दुसऱ्या कशाने भरून टाकली तर? बीएसए (गाईच्या रक्तातलं प्रथिन) किंवा ट्वीन (साबणासारखं द्रव्य)?

---

जुनाप्रयोगवाला · रविवार, सकाळी ६:४०

ट्वीनला हात लावू नकोस. त्याने नळी सुटेल पण स्पेक्ट्रममध्ये ४४-४४ च्या अंतराची शिडी उभी राहील आणि ती आठवडाभर जाणार नाही. साबणासारखी द्रव्यं थेंबाचा पृष्ठभागच बळकावतात, म्हणजे एका भिंतीवरचा प्रश्न दुसरीवर नेल्यासारखं होतं.

बीएसए चालतं, पण कॉलम लावला असेल तरच, आणि तोही बीएसएला मेलिटिनपासून नीट वेगळं करत असेल तर. थेट इन्फ्यूजनला (कॉलमशिवाय सोडताना) नको. रक्ताच्या प्लाझ्मात पेप्टाइड कमी हरवतं आणि लघवीत जास्त, त्याचं कारण हेच. प्लाझ्मातली प्रथिनं भिंत आधीच झाकतात.

टीएफएबद्दलही (ट्रायफ्लुओरोअॅसेटिक अॅसिड) कुणी सांगेल. त्याने पीक सुबक होतं खरं, पण ते धन पेप्टाइडशी घट्ट जोडी करतं आणि सिग्नल पाडतं.

तुझ्यासाठी मी असं करेन. डायल्यूशन साध्या पाण्यात करायचं नाही. २५ टक्के अॅसिटोनायट्राइल आणि १ टक्का फॉर्मिक अॅसिड. अॅसिडने काचेचा प्रभार उतरतो, अॅसिटोनायट्राइलने तेलकट पकड सैल होते. यापेक्षा जास्त अॅसिटोनायट्राइल घातलंस तर इंजेक्ट केल्यावर पेप्टाइड कॉलमला न थांबता निसटेल, म्हणून तिथेच थांब. नळ्या लो-बाइंड (कमी चिकटू देणाऱ्या) घे. काही प्लास्टिकमधून ओलिअमाइड सुटतं, धन मोडमध्ये २८२ ला ठळक दिसतं, तेव्हा रिकाम्या नळीचा ब्लँक आधी घे. समस्थानिक लावलेलं इंटर्नल स्टँडर्ड (तुलनेसाठी माहीत प्रमाणात घातलेलं, वजनाने वेगळं ओळखू येणारं मेलिटिन) परवडत असेल तर ते इथे सोलापुरातच, पहिल्या थेंबाला घालायचं. पुण्यात गेल्यावर घातलंस तर वाटेत जे हरवलं त्याचा त्याला पत्ताच नसेल.

आणि शक्य असेल तर गाडीत पातळ द्रावण नेऊच नकोस.

---

मधपोळं_सोलापूर · पुढचा शनिवार, रात्री ९:५०

गुरुवारी जाऊन आले. सगळं लिहिते, कारण पुढे कुणाला तरी लागेल.

पाच नळ्यांची मालिका: दर मिलिलिटरला १०० नॅनोग्रॅमचं द्रावण, साधं पाणी, साध्या पॉलिप्रॉपिलिनच्या नळ्या. प्रत्येक नळीला पीक आधीच्यापेक्षा लहान, आणि पाचव्या नळीत जेमतेम गोंधळाच्या वर. मग रिकाम्या नळ्या काकांनी सांगितलेल्या मिश्रणाने धुतल्या. मेलिटिन तिथेच होतं! पहिल्या नळीच्या धुवणात सगळ्यात जास्त, मग उतरत गेलेलं. स्क्रीनवर ७१२ चं पीक वर आलं तेव्हा मशीनवर बसलेले दादाही खुर्चीतून पुढे सरकले.

तीच मालिका नव्या द्रवात, लो-बाइंड नळ्यांत केली. पाचही पीक जवळजवळ सारख्या उंचीची.

कॅलिब्रेशन दोन प्रकारे केलं. एक संच बुधवारी रात्री इथे नव्या द्रवात तयार करून नेला. दुसऱ्यासाठी इथून फक्त दाट स्टॉक नेला, दर मिलिलिटरला १ मिलिग्रॅम, आणि डायल्यूशन पुण्यात, इंजेक्शनच्या तासभर आधी. दुसऱ्या संचात ५ नॅनोग्रॅमचा बिंदूही रेषेवर बसला. पहिल्यात तो अजून थोडा खाली आहे, पण पीक आहे. म्हणजे द्रव बदलूनही प्रवासाचा वाटा थोडा उरलाच.

ब्लँकमधला डाग पूर्ण गेलेला नाही. सुई धुवायच्या द्रवात अॅसिटोनायट्राइल आणि अॅसिड वाढवल्यावर खूप कमी झाला. आता नमुने कमी संहतीकडून जास्तीकडे अशा क्रमाने लावते.

गाईडना दोन्ही आलेख शेजारी ठेवून दाखवले. ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, नळ्यांचा हा प्रयोग प्रबंधाच्या पद्धतीच्या प्रकरणात घाल.

---

रंगहौद · पुढचा शनिवार, रात्री १०:१०

ताई, लै भारी वाटलं वाचून. पाच नळ्यांचं ऐकून सांगतो, आमच्याकडं वापरलेल्या हौदात दुसरी लडी टाकली की ती फिकी निघते, तिसरी अजून फिकी. माझे आजोबा लडीचा रंग बघून सांगायचे ही कितवी.

---

डाळिंबबाग · पुढचा शनिवार, रात्री १०:४०

अभिनंदन. माझ्याकडे सिस्टीम फॉस्फोरिक अॅसिडने धुतल्यावर शेपूट बरंच आखडलं, पण आमच्या मशीनवर अस्तराचा कॉलम नाही. तुम्ही जाता त्या लॅबमध्ये आहे असं कळलं. पुढच्या फेरीत माझ्या दोन व्हायल न्याल का? सालीचा अर्क पाण्यात करून ठेवलाय.

---

मधपोळं_सोलापूर · पुढचा शनिवार, रात्री १०:५५

नक्की नेते. मंगळवारी सकाळच्या हुतात्माने जातेय, सोमवारी संध्याकाळी सात रस्त्याजवळ भेटू. फक्त अर्क पाण्यात नको. सालीची कोरडी पूड वजन करून द्या, पाणी मी तिथे पोचल्यावर घालेन.